चकतीवरची हळद

देवानंद होले यांच्या व्हॅनचा मीटर पाच आकड्यांचा आहे. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव किलोमीटर झाले की तो पाच शून्यं मांडून पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसतो. आजवर तो सात वेळा असा बसला. ज्यांनी मीटर बनवला त्यांना वाटलं असेल, ही चार पत्र्यांची डबी लाखापुढं जाऊन जाऊन जाईल कुठं! ती शिवणखेडच्या माळ्याच्या हाती पडणार, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तिवसा सोडून आत दोन कोस गेलं की शिवणखेड येतं. तिथं होल्यांचं तीन एकर काळं वावर. झेंडू, शेवंती, निशिगंध, आणि धुऱ्याच्या बांधावर कढीपत्ता. फुलाचा धंदा मोठा हट्टी. दिवस निघायच्या आत टोपली अमरावतीच्या बाजारात उतरली तर फूल देवाच्या गळ्यात जातं, तासभर उशीर झाला तर बकरीच्या तोंडात. म्हणून चाळीस किलोमीटर जाणं आणि चाळीस येणं देवानंदनं पंचवीस वर्षं नेमानं केलं. पाऊस असो, लगीनसराई असो, अंगात ताप असो. दुरुस्तीचे दिवस सोडले तर वर्षातून एकाच दिवशी व्हॅनची चाकं हलली नाहीत, तो पोळ्याचा दिवस.

व्हॅन घरात आली ती बैलजोडीच्या बदल्यात. चांद्या आणि कवड्या अशी ती जोडी. आधी फुलं बैलबंडीतून तिवश्याला जायची आणि तिथून एसटीच्या टपावर. निम्मी वाटेतच मान टाकायची. सन दोन हजारच्या उन्हाळ्यात देवानंदनं जोडी बाजारात नेली. कासरा गिऱ्हाइकाच्या हातात दिला आणि पाठ फिरवली. गिऱ्हाईक कुठल्या गावचं, शेतकरी की कसाई, त्यानं विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही. मागून कवड्या एकदाच हंबरला. व्हॅन दारात उभी राहिली तेव्हा गाव पेढे मागत होतं आणि हा माणूस गोठ्यातल्या रिकाम्या दाव्यांकडं पाहत होता. त्याच दिवशी त्यानं मनाशी धरलं की हिला असं कुणाच्या हवाली करायचं नाही. आपले हातपाय चालतील तोवर ही चालेल.

त्या साली पोळा आला. आदल्या संध्याकाळी वऱ्हाडात बैलांचे खांदे शेकतात. ज्या खांद्यानं वर्षभर जू वाहिलं त्याला कोमट तूप-हळद चोळायची, पळसाच्या पानानं शेक द्यायचा आणि हात जोडून सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. होल्यांच्या गोठ्यात खांदाच उरला नव्हता. तरी देवानंदची बायको रुख्मिणी वाटीत तूप-हळद घेऊन बाहेर आली. व्हॅनच्या तोंडावर, दोन्ही दिव्यांच्या वरच्या अंगाला तिनं पिवळी बोटं ओढली आणि आवतन दिलं. शेजारचे भगवंतराव कुंपणावरून पाहत होते.

"काय वो रुख्मिणीबाई, उद्या पुरनपोळी पेट्रोलच्या टाकीत टाकता काय?"

"तुमी तुमच्या बैलाचं पाहा ना भाऊजी. आमचा बैल शेन टाकत नायी, तेवढंच सुख हाये."

तेव्हापासून पोळ्याला व्हॅनची सुट्टी. त्या दिवशी ती धुतली जायची, तिच्या आरशांना झेंडूच्या माळा पडायच्या आणि ती कडुनिंबाखाली दिवसभर उभी राहायची.

देवानंद आठवीपर्यंत शिकला. इंजिनाचं पुस्तक त्यानं कधी उघडलं नाही. पण या व्हॅनचं इंजिन ड्रायव्हरच्या सिटाखाली असतं, आणि माणूस ज्याच्यावर रोज बसतो त्याची तब्येत त्याला कळते. उन्हाळ्यात वरून सूर्य आणि खालून इंजिन. देवानंद ओलं गोणपाट दुमडून सिटावर टाकायचा आणि बसायचा. बुडाखालची थरथर जराशी बदलली की गाडी बाजूला घ्यायची, सीट उचलायची, कान लावायचा. पहाटे चालू केली की लगेच पळवायची नाही; टोपल्या भरून होईस्तोवर तिला जागेवर गुणगुणू द्यायचं. काटा पन्नासच्या वर जाऊ द्यायचा नाही. ऑइल पाच हजारावर म्हणजे पाच हजारावर, आणि दर वेळी गोठ्याच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ. एक भिंत भरली तेव्हा त्यानं दुसरी धरली.

हायवेवर पोरं मागून हॉर्न मारत यायची. एखादा काच खाली करून ओरडायचा, "काकाजी, उतरून ढकला, लवकर पोचान!" देवानंद हात वर करून त्याला वाट द्यायचा. कधीमधी पुढच्या धाब्यापाशी तोच पोरगा चाक काढून बसलेला दिसायचा. देवानंद तेव्हाही तसाच हात वर करायचा.

या व्हॅननं फुलंच वाहिली असं नाही. गावातली चार बाळंतपणं तिनं वेळेवर पोचवली. देवानंदच्या म्हाताऱ्या बापाला ती दवाखान्यात घेऊन गेली, आणि घरी मरायचं आहे म्हणाला तेव्हा परतही घेऊन आली, इतकी सांभाळून की वाटेत तो झोपला. लेकीचं, दीपमालाचं, लग्न अकोल्याला जठारपेठेत झालं, आणि तिच्या पहिल्या दिवाळीला तिला आणायला जाताना व्हॅन आयुष्यात पहिल्यांदा बंद पडली. अकोल्याच्या वेशीवर, रेडिएटरमधून वाफ सोडत.

तिथं ओमप्रकाश भेटला. जठारपेठेच्या एका बोळात त्याचं गॅरेज. जाड भिंगाचा चष्मा, हातात कायम चिंधी. त्यानं सीट उचलली, वाकून बराच वेळ आत पाहिलं, आणि विचारलं, "भाऊ, हे गाडी कोनाची?"

"माही."

"तुमी चालवता?"

"मीच."

"मंग मीच दुरुस्त करतो. पोराच्या हातात नायी देत." मग तो हिंदीत पुटपुटला, "इतने साल की गाडी और अंदर से दुल्हन."

तीन दिवस त्यानं व्हॅन ठेवून घेतली. त्यानंतर दर उन्हाळ्यात देवानंद तिला अकोल्याला नेऊ लागला. रुख्मिणी म्हणायची, लेक माहेरी येते आणि गाडी सासरी जाते. इतक्या वर्षांत ओमप्रकाशनं दोनदा इंजिन पुरतं खोललं, क्लच किती बदलले त्याची गणती नाही, आणि देवानंदला एकेक गोष्ट हाताला धरून दाखवली. मास्तर आणि चेला दोघंही पिकत गेले.

यंदा व्हॅनला पंचवीस वर्षं झाली. जुन्या गाडीची पासिंग दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. दोनदा झाली होती. ही तिसरी, आणि तारीख आली पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी.

मुलगा विपुल आता निम्मी शेती पाहतो. पोरगा कामाचा आहे, बापावर त्याचा जीव आहे, पण त्याला नवा पिकअप हवा होता.

"बाबा, एवढ्या जुन्या गाडीले कोन पास करते? आता मोजूनमापून पाहतात. ब्रेक पाहतात, धूर पाहतात."

"पाहू दे ना. आपली गाडी काय पदराआड लपवाची हाये?"

"आन नायी झाली पास तं?"

देवानंदनं गोठ्याच्या भिंतीवरच्या रेघांकडं पाहिलं. मग म्हणाला, "नायी झाली तं मोडीत देतो. माह्या हातानं नेऊन देतो. मंग तू पिकअप आन."

बोलून तर गेला. पण त्या रात्री त्याला कवड्याचं हंबरणं पुन्हा ऐकू आलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी देवानंदनं चारही चाकं काढली. रिम घासून रंगवले, नटबोल्टला ग्रीस लावलं, दिवे, वायपर, हॉर्न, सगळं तपासलं. रंग वाळत ठेवला आणि तो वावरात पोळ्याच्या माळांसाठी फुलं तोडायला गेला. व्हॅन विटांच्या चार ढिगांवर उभी होती. संध्याकाळी रुख्मिणी तूप-हळदीची वाटी घेऊन आली, दिव्यांकडं गेली, आणि थबकली. पुढच्या दोन्ही चाकांच्या जागी एकेक लोखंडी चकती चमकत होती.

उन्हाळ्यात रुख्मिणी व्हॅनबरोबर अकोल्याला गेली होती, तेव्हा ओमप्रकाशनं नवे ब्रेक पॅड बसवताना हीच चकती तिला दाखवली होती. म्हणाला होता, "वहिनी, गाडी थांबते ना, तवा सारा भार हेच झेलते. खरी मेहनत हिचीच हाये."

ते रुख्मिणीच्या मनात रुतून बसलेलं. जिथं भार येतो तोच खांदा. म्हणजे पंचवीस वर्षं आपण गाडीच्या कपाळाला हळद लावत आलो, आणि खांदा राहिला तो राहिलाच. तिला फार वाईट वाटलं. तिनं सगळी वाटी त्या दोन चकत्यांवर रिकामी केली. बोटांनी, तळव्यानं, दोन्ही अंगांनी, प्रेमानं चोळली. पळसाच्या पानानं शेक दिला. उद्या जेवायला या म्हणाली. अंधार पडता पडता विपुलनं येऊन चाकं बसवली. एका हातात पाना, कान आणि खांद्यामध्ये फोन. चकतीवर काहीतरी पिवळं आहे हे त्याला दिसलं, पण बाबांनी ग्रीस लावलं असेल असं समजून त्यानं नट आवळले.

पोळा आनंदात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला देवानंद आणि रुख्मिणी अमरावतीला निघाले. रुख्मिणीनं वाटेसाठी पुरणपोळ्या बांधून घेतल्या होत्या.

पहिल्याच वळणावर देवानंदच्या पायाला काहीतरी वेगळं लागलं. ब्रेक दाबला, पायडल कडक, पण गाडी थांबेना. पुढं सरकत राहिली, मागच्या चाकांच्या जिवावर कशीबशी उभी राहिली. त्यानं गती वीसवर आणली. हायवेच्या कडेनं, बैलगाडीच्या चालीनं तो जात राहिला. गाडीत खरपूस वास भरला.

"पोळ्या गरम बांधल्या काय?" त्यानं विचारलं.

"रातच्या हायेत. कावून?"

"तुपाचा वास येऊन राहिला."

रुख्मिणी खिडकीबाहेर पाहू लागली.

मोझरीच्या अलीकडं एका पंक्चरच्या दुकानापाशी त्यानं गाडी उभी केली. ब्रेकचं ऑइल भरलेलं. गळती कुठं नाही. पायडल ठीक. त्याला काहीच उमजेना, आणि हेच त्याला जास्त लागलं. पंचवीस वर्षांत ही व्हॅन त्याच्याशी कधी न समजण्यासारखं बोलली नव्हती. तो खाली मातीत बसला. थकली बिचारी, असं त्याच्या मनात आलं. आपणच ओढून राहिलो. नेमकी आजच सांगून राहिली ती, की बस झालं आता.

मग त्यानं अकोल्याला फोन लावला.

ओमप्रकाशनं सगळं ऐकलं. "पायडल कडक, ऑइल फुल, आन ब्रेक धरत नायी? मंग चकतीवर काही तरी लागलं. वास कायचा येते?"

"निरा तुपाचा."

"देवानंदभाऊ, परवा खांदशेकनी होती ना?"

"होती."

"वहिनी कुठं हाये?"

देवानंदनं मागं पाहिलं. रुख्मिणी पदर तोंडाला लावून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तुमीच तं सांगतलं होतं," ती फोनकडं तोंड करून म्हणाली, "की सारा भार थेच झेलते मनून. मले वाटलं, थोच खांदा."

देवानंद तिच्याकडं पाहत राहिला. राग यायला हवा होता. पण आधी त्याला कळलं ते एवढंच की व्हॅन थकलेली नाही. तिला काही झालेलंच नाही. तिला फक्त माया जास्त झाली. आणि तो रस्त्याच्या कडेला, मातीत बसल्या बसल्या हसू लागला.

"हासता काय? मोडीत गेली तं माह्या हातानं गेली!"

"आवो, पंचवीस वर्सं चालली थे तरी कोनाच्या हातानं चालली?"

ओमप्रकाशनं सांगितलं, चाकं काढा, चकती सोड्याच्या गरम पाण्यानं धुवा, पॅड पॉलिश पेपरनं घासा, आणि सावकाश अमरावती गाठा. पंक्चरवाल्याचं नाव गोपाल. त्यानं जॅक दिला, पेपर दिला. शेजारच्या टपरीवरून चहाचं आधण आलं, सोडा आला. गोपालला सगळी हकिगत कळली तेव्हा तो चाक सोडून लोळायचाच बाकी राहिला.

"काकू, माह्या मोटारसायकलीले पुढच्या साली फक्त कुंकू लावजा. तूप नोका लावू!"

पैसे घेतो का विचारलं तर त्यानं हात झटकले आणि दोन पुरणपोळ्या ठेवून घेतल्या.

अकरा वाजता व्हॅन पासिंगच्या मैदानात उभी होती. तपासणीला एक तरुण निरीक्षक मॅडम होत्या. त्यांनी दिवे पाहिले, धूर पाहिला, पत्रा ठोकून पाहिला आणि सिटाखालचं इंजिन पाहून त्या जरा थांबल्या.

"मीटर चौऱ्याऐंशी हजार दाखवतोय. पंचवीस वर्षांत एवढंच?"

"त्याच्यात सात लाख मिळवा, मॅडम. मीटरले तेवढं मोजता येत नायी."

मॅडमनी त्याच्याकडं नीट पाहिलं. त्या ब्रेक पाहायला गाडीत बसणार, तेवढ्यात देवानंदनं हात आडवा केला. "मॅडम, आधी एक सांगतो. सकाळी हिच्या चकतीले तूप लागलं होतं. धुतलं, पन मले भरोसा नायी. तुमी जपून दाबजा."

"तूप?"

रुख्मिणीनं मान खाली घालून सगळं सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. हसू दाबायला त्यांना कागदात पाहावं लागलं, एवढंच. मग त्यांनी गाडी चालवली आणि ब्रेक दाबला. व्हॅन थांबली, पण उशिरा, आणि डावीकडं ओढून.

"काका, बाकी गाडी एक नंबर आहे. पण असे ब्रेक मी पास करू शकत नाही."

"करूच नोका," देवानंद म्हणाला. "मी बी नसते केले."

"चार वाजेपर्यंत मी इथं आहे. तोवर दुरुस्त करून आणली तर आज पाहते. नाही तर नापास लिहावं लागेल."

देवानंदनं व्हॅन फाटकाबाहेर आणली. अमरावतीत पॅड मिळाले असते, मेकॅनिकही मिळाला असता. पण कोण, कसा, हात कसा चालवेल, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि विपुलला दिलेला शब्द मानेवर बसला होता. तो रस्ता ओलांडायला निघाला तर समोर कडुनिंबाखाली ओमप्रकाश उभा. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात चिंधी. सत्तरीचा माणूस, फोन ठेवल्या ठेवल्या घरून निघून मिळाली ती पहिली एसटी धरून आला होता.

"मास्तर! तुमी कायले आले एवढ्या दूर?"

"तूप पिल्लेले पॅड पॉलिश पेपरनं साफ होत नायी रे बाबा. थे तं मी तुले सांगतलं, तू सुखरूप पोचाव मनून." त्यानं पिशवीतून नवे पॅड काढले. "आन चूक कोनाची? माहीच. बाईमानसाले अर्धं इंजीनियर केलं, अर्धं ठेवलं."

रुख्मिणी त्याच्या पाया पडायला वाकली, तर तो मागं सरला. "नको वहिनी. तुमच्या हाताले काय लागलं असन, मले भेव वाटते."

कडुनिंबाच्या सावलीत दोन म्हाताऱ्यांनी चाकं काढली. ओमप्रकाशला आता चिमटीतलं नीट दिसत नाही. तो बोटांनी चाचपायचा आणि देवानंद पाना फिरवायचा. देवानंदच्या मनात एकेक माणूस येऊन जात होता. वेशीवर भेटलेला हा मास्तर. पोळ्या घेऊन पैसे नाकारणारा गोपाल. कुंपणावरून टोमणे मारणारे, पण बापाला दवाखान्यात न्यायच्या वेळी पाठीवर उचलून व्हॅनमध्ये ठेवणारे भगवंतराव. अंधारात का होईना, न सांगता चाकं बसवणारा विपुल. आणि लोखंडालाही खांदा असतो असं मानणारी ही बाई. सात लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर आपण एकट्यानं चालवली असं त्याला आजवर कुठंतरी वाटत होतं. त्याची त्याला लाज वाटली, आणि त्या लाजेतही बरं वाटलं.

साडेतीनला व्हॅन पुन्हा मैदानात गेली. मॅडमनी चालवली, ब्रेक दाबला. व्हॅन जागच्या जागी, सरळ रेषेत उभी राहिली. त्यांनी पुन्हा एकदा दाबून पाहिलं, बहुधा नुसत्या समाधानासाठी. मग उतरून कागदावर सही केली.

"झाली काका. पाच वर्षं."

देवानंदनं दोन्ही हातांनी कागद घेतला. त्यानं विपुलला फोन लावला, तसा रुख्मिणीनं तो ओढून घेतला. "पास झाला आपला बैल," ती म्हणाली. पलीकडून विपुलचा मोठ्यानं हसण्याचा आवाज आला, आणि मग, "बाबाले सांग, उद्याचा झेंडू तोडून ठेवला मी."

निघताना देवानंद पुन्हा मॅडमपाशी गेला.

"मॅडम, पाच वर्सांनी तुमीच असान काय इथं?"

"नाही हो काका, तोवर बदली होईल."

"मंग जो कोनी असन, त्याले सांगून ठेवजा," देवानंद म्हणाला. "शिवणखेडची व्हॅन येनार हाये."